जुन्या जावाचे सुटे भाग

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी आमच्याकडे ‘धान्याची साठवण’ या विषयावर लेख मागितला होता. त्या विषयावर आम्ही यापूर्वी दोन वेळा लिहिले असून तिसऱ्यांदा सांगण्याजोगे नवे असे आमच्यापाशी काही नाही. गव्हाला कीड लागण्याची कारणे दरम्यान बदललेली नाहीत. म्हणून विषय साठवणीचाच, परंतु माल निराळा, असा एक लेख सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. गेली तीन वर्षे आम्ही एका जुन्या मोटारसायकलीचे सुटे भाग गोळा करीत आहोत. घरातील तरुण मंडळी या उद्योगास छंद म्हणतात. आमचे समवयस्क त्यास जो शब्द योजतात तो स्मरणिकेत छापण्याजोगा नाही.

गाडी जावा, अडीचशे सी. सी.ची, सन १९६४ मधील आहे. आमच्या तीर्थरूपांनी ती नवी घेतली होती. आडत धारेस, आत्याच्या यजमानांचे दुकान देवासला, आणि मधले शंभर किलोमीटर इंदुरावरून. असा त्यांचा व्यवहार असे. मागील बैठकीवर गव्हाच्या नमुन्यांच्या पिशव्या बांधून ते पहाटे निघत आणि दोन्हीकडचे भाव पाहून दिवेलागणीस परत येत. गाडीच्या आवाजावरून आमच्या मातोश्री चुलीवर तवा ठेवीत. पुढे तीर्थरूपांचे गुडघे थकले, गाडी गोदामाच्या मागील खणात फळ्यांवर चढविली गेली, आणि तिच्यावर रिकाम्या बारदानाचा ढीग साचला. तो ढीग पस्तीस वर्षांनी उपसला तेव्हा खाली जे निघाले त्यास गाडी म्हणणे हा पितृभक्तीचा भाग होता. रिम गंजून भोके पडलेली, टाकीच्या तळाशी तांबडी माती, आणि कार्ब्युरेटरात उंदराचे बिऱ्हाड!

आता यातील विनोद पाहा. जावा हे नाव धारवासीयांस आज अपरिचित नाही. महिंद्रा समूहाशी संबंधित क्लासिक लेजेंड्स या कंपनीने २०१८ च्या नोव्हेंबरात जावा पुन्हा बाजारात आणली, आणि तिची बांधणी होऊ लागली ती पिथमपुरास, म्हणजे आमच्याच धार जिल्ह्यात, आमच्या दुकानापासून तासाभराच्या वाटेवर! हे कळल्यावर आमच्या धाकट्या बंधूंनी उत्साहाने सांगितले, “दादा, आता काळजी कसली? कारखाना अंगणात आला.” परंतु नव्या जावाचे इंजिन २९३ सी. सी.चे, चार फेऱ्यांचे, पाण्याने थंड राहणारे. आमचे दोन फेऱ्यांचे, वाऱ्याने थंड होणारे, पेट्रोलात तेल मिसळून चालणारे. नाव एक आणि टाकीचा डौल सारखा, पण त्या इंजिनाचा एकही भाग या इंजिनास लागत नाही. नातवाच्या पगडीवर आजोबांचे नाव असावे, पण डोके निराळे, तसा हा प्रकार आहे.

मूळ जावाचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण भाग कोठे शोधावयाचे हे त्यावरच अवलंबून असते. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली प्राग येथे वांडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनविण्याचा परवाना घेतला. यानेचेकचे ‘जा’ आणि वांडररचे ‘वा’ मिळून जावा झाली. आपल्याकडे ती प्रथम मुंबईच्या मार्गाने आयात होऊन आली. पुढे रुस्तम इराणी यांनी म्हैसूर येथे आयडियल जावा हा कारखाना उभारला आणि १९६१ पासून गाड्या तेथेच तयार होऊ लागल्या. १९७३ साली गाडीवरचे जावा हे नाव जाऊन येझदी आले. १९९६ साली कारखाना बंद पडला. सुट्या भागांची आजची टंचाई त्या वर्षापासून मोजावयाची.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. बुलेट गाडी १९५५ पासून मद्रासेस तयार होऊ लागली आणि आजतागायत होत आहे. तिचा जुना भाग अडला तरी नव्याची भावकी जवळ असते. महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावांतून आलेल्या बी. एस. ए., नॉर्टन वगैरे इंग्रजी गाड्यांची अडचण वेगळीच. त्यांचे आटे इंची असून त्यांच्या पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. ज्याला हे ठाऊक नाही तो आपल्याच पान्याला दोष देत बसतो. जावाचे आटे मिलिमीटरचे. नट-बोल्टांपुरती तरी ती आपल्या काळाची आहे. शिवाय येझदी नाव लागल्यावरही तिच्या अडीचशेच्या इंजिनाचे घराणे पुष्कळ काळ तेच राहिले, त्यामुळे भंगारात निघालेली येझदी ही जावाची अन्नदाती ठरते. सगळे भाग मात्र जुळत नाहीत. कोणते जुळतात हे ज्यास तोंडपाठ आहे असा मनुष्य सापडणे, हीच खरी पहिली खरेदी होय.

आम्हांस तसा मनुष्य देवास येथे सापडला. तेथे दोन पात्यांची दोन संस्थाने एकाच गावात नांदली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचे दोन हिशोब ठेवण्याची देवासकरांची सवय जुनी आहे. आमचे मिस्त्रीही प्रत्येक भागाची दोन नावे सांगतात, एक पुस्तकातले आणि एक त्यांचे स्वतःचे. वय अठ्ठ्याहत्तर. दृष्टी अधू, पण बोटांची पारख शाबूत. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीस हात लावण्यापूर्वी आमच्याकडे वही मागितली आणि म्हणाले, “शेटजी, तुम्ही दुकानात माल आला की आधी लिहिता ना? मग हाही आधी लिहा. नावाने विचाराल तर बाजारात फसाल, आकड्याने विचाराल तर अर्धा माल गल्लीत मिळेल.”

या एका वाक्याने आमचा निम्मा खर्च वाचला. बेअरिंगवर जो आकडा कोरलेला असतो तो कोण्या एका गाडीचा नसतो, साऱ्या जगाचा असतो. ६२०४ या आकड्यातील शेवटच्या दोन अंकांस पाचाने गुणिले की वीस. म्हणजे आतील भोक वीस मिलिमीटरचे. ६३०५ असेल तर पंचवीस. तोच आकडा पंपाच्या मोटारीत, तोच मळणीयंत्रात. ऑइल सीलवर तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. दोन फेऱ्यांच्या इंजिनात क्रँकची ही सील फुटली की पेटीतला दाब निसटतो आणि गाडी लाथा मारूनही सुरू होत नाही. पुष्कळ लोक तेव्हा कार्ब्युरेटर बदलतात. आमच्या गाडीचे बहुतेक बेअरिंग आणि दोन्ही सील इंदुरात शेतकी अवजारांच्या दुकानी मिळाले. दुकानदाराने “कोणत्या पंपाला?” असे विचारले. आम्ही गप्प राहिलो, कारण खरे सांगितले असते तर भाव बदलला असता.

आकडा नसलेला भाग निघाला की खरी यातायात सुरू होते. जावाची एक मौज अशी की, किक मारावयाचा आणि गिअर बदलावयाचा दांडा एकच असतो. तो किकेसाठी वर उभा करावयाचा, गाडी सुरू झाली की पुढे आडवा पाडावयाचा, मग तोच गिअरचा होतो. शिवाय तो पायाने दाबताच क्लच आपोआप सुटतो. एवढी कामे एकाच गड्याकडे दिली की तो झिजणारच! दांड्याच्या आतील खाचा गुळगुळीत झाल्या होत्या आणि गिअरच्या पेटीतील एका चक्राचे दोन दात उडालेले होते. दांडा पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाला. तेथे रविवार व बुधवार हे दोनच दिवस लक्षात ठेवावेत. चक्र मात्र नाना पेठेत नाही, मुंबईस चोरबाजारात नाही, कोठेच नाही. आठ महिने गेले.

तेव्हा मिस्त्री म्हणाले, “गिअर शोधत देशभर फिरता, आणि राहता कोठे? देवासला गिअरच बनतात की!” गोष्ट खरी होती. गजरा गिअर्सच्या कारखान्यामुळे देवासचे नाव गिअरच्या धंद्यात सर्वांस ठाऊक आहे, आणि ज्या गावी असा कारखाना असतो तेथे गिअर कापण्याची विद्या गल्लीबोळांत उतरलेली असते. मिस्त्रींनी आम्हांस एका निवृत्त कारागिराकडे नेले. त्यांनी तुटके चक्र हातात घेऊन दात मोजले, व्हर्नियर लावून बाहेरचा व्यास घेतला आणि आमच्या वहीत गणित मांडले. दातांच्या संख्येत दोन मिळवावे आणि त्या बेरजेने व्यासास भागावे. येणाऱ्या संख्येस मॉड्यूल म्हणतात. वीस दात आणि चव्वेचाळीस मिलिमीटर व्यास असेल तर बाविसाने भागून मॉड्यूल दोन. मॅट्रिकच्या गणिताचा असा उपयोग आम्हांस आमच्या वहीखात्यात कधी झाला नव्हता. मग ते म्हणाले की, एकटे चक्र कापून देणार नाही. ज्या चक्राशी ते भिडते तेही झिजलेले आहे. नवे जुन्याशी भिडले तर आवाज करील आणि वर्षाच्या आत दोन्ही जातील. जोडीच कापावी लागेल. कापल्यावर पोलादास कोळशाच्या संगतीत लाल तापवून तेलात बुडविले, म्हणजे कातडे कठीण आणि गाभा चिवट राहिला. गाभाही कठीण झाला तर दात काचेसारखा तडकतो. ही जोडी आज गाडीत आहे आणि ती म्हैसूरची नाही, देवासची आहे.

आता एका कडू अनुभवाबद्दल. पिस्टन आम्हांस उत्तरेकडील एका मोठ्या शहरातील व्यापाऱ्याने पाठविला. डबी जुनी, कागद पिवळा, छाप जुन्या काळचा. पाहणाऱ्यास वाटावे की १९७० सालापासून कोणी हात लावला नाही. मिस्त्रींनी पिस्टन काढून कानाशी नेला, टिचकी मारली, मग चाळशीतून रिंगच्या खाचेकडे पाहिले. दोन फेऱ्यांच्या इंजिनात नळकांड्याच्या भिंतीस खिडक्या असतात. रिंगचे टोक त्या खिडकीसमोर येऊन अडकू नये म्हणून खाचेत एक बारीक खिळी असते, ती रिंगला फिरू देत नाही. या पिस्टनमध्ये खिळी होती, पण नेमकी खिडकीच्या समोर बसविलेली. गाडी सुरू होताच रिंगचे टोक खिडकीत शिरून मोडले असते, आणि पिस्टनबरोबर नळकांडेही गेले असते. ते नळकांडे मूळचे होते, त्यास पर्याय नव्हता. व्यापाऱ्यास कळविले तेव्हा उत्तर आले की, चित्रात दाखविलेलाच माल दिला आहे. चित्रात डबी होती!

आम्ही चाळीस वर्षांहून अधिक काळ धान्य विकतो. पोत्याच्या तोंडाशी चांगला दाणा आणि तळाशी खडे, हा प्रकार आम्हांस नवा नाही. म्हणूनच आमच्या बाजारात बंबी मारून पोत्याच्या पोटातला नमुना काढतात. सुट्या भागांच्या व्यापारात बंबी नाही. तेथे डबीच नमुना समजतात, आणि रिकाम्या जुन्या डब्यांना भंगारात वेगळा भाव येतो, हे कळल्यापासून आम्ही कोणतीही डबी भंगारवाल्यास देण्यापूर्वी फाडून देतो.

याच्या नेमका उलट अनुभव खानदेशातील एका तालुक्याच्या गावी आला. तेथील एक जुने मोटार-सामानाचे दुकान आवरले जात होते. वडील वारले, मुले परगावी. दुकानाचा गाळा विकला गेला होता आणि आतला माल वजनावर भंगारात जावयाचा होता. आम्ही मिस्त्रींसह पोहोचलो तेव्हा निम्मा माल गेलेला होता. उरलेल्यात वरच्या फळीवर मेणकागदात गुंडाळलेली पुडकी होती. ती उघडता उघडता मिस्त्रींचे हात थरथरू लागले. काँटॅक्ट पॉइंट, डायनॅमोचे ब्रश, क्लचच्या तबकड्या, हेडलाइटच्या काचेचे कडे. प्रत्येकावर मूळ दुकानदाराच्या हातची शाईची चिठ्ठी आणि रुपये-पैशांतली किंमत. मुलगा म्हणाला, “काका, सगळे किलोवर घेऊन जा.” किलोचा भाव ऐकून आम्ही मान हलविणार, इतक्यात मिस्त्री मोठ्याने बोलले, “बाळा, हे किलोवर द्यायचे नसते. या एका कड्याचे मुंबईस एवढे येतात.” आणि त्यांनी आकडा सांगितला. आमच्यातील व्यापाऱ्यास ते क्षणभर रुचले नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. तथापि बाहेर येऊन हिशोब केला तेव्हा त्या आकड्याच्या निम्म्याने सौदा तुटला होता आणि दोन्ही पक्ष खूष होते. त्या मुलाने आदल्या आठवड्यात जे तीन पोती सामान वजनावर दिले होते, त्यात काय गेले याचा विचार मात्र परतीच्या वाटेवर मिस्त्रींनी एकदाही बोलून दाखविला नाही. ते खिडकीबाहेर पाहत होते.

आमच्या सभासदांत मोटार-सामानाची, हार्डवेअरची, रंगाची दुकाने असलेले पुष्कळ आहेत. कित्येकांच्या माळ्यावर वडिलांच्या काळचा ‘मेलेला माल’ पडून आहे आणि दर दिवाळीच्या झाडलोटीत त्यातला थोडा भंगारात जातो. आमची विनंती एवढीच की, तो काढण्यापूर्वी एखाद्या वृद्ध मिस्त्रीस एक दिवस बोलवावे, चहा पाजावा आणि त्याला बोटाने दाखवू द्यावे. असे मिस्त्री फार काळ मिळणार नाहीत. आमच्या मिस्त्रींकडे शिकणारा पोरगा कोणी नाही; त्यांचा मुलगा इंदुरास संगणकावर काम करतो आणि ते त्याच्या दृष्टीने योग्यच आहे.

नातवाने मोबाईलवरून काही भाग थेट चेक देशातून मागविले. तेथे आणि शेजारच्या स्लोव्हाकियात जुन्या जावा अजून चालतात आणि त्यांचे रबर, पॅकिंग, वायरींचे झुपके बनविणारे लहान कारखाने आहेत. म्हैसुरात बनलेल्या गाडीचे रबर प्रागहून धारेस यावे आणि त्यावर जकात भरावी लागावी! पण माल चोख निघाला. बैठकीस मात्र आम्ही चामडे लावले नाही. मूळचे रेक्झिनच होते आणि घरात वादही नको.

एक नवी अडचण मात्र आमच्याच धंद्यातून उद्भवली. पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ साली वीस टक्क्यांवर पोहोचले. हे इथेनॉल उसाच्या मळीपासून होते तसे तुटक्या तांदळापासून आणि मक्यापासूनही होते. मक्याला आलेली तेजी आमच्या मंडीने त्यामुळेच पाहिली आणि आम्हीही त्यात चार पैसे मिळविले. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेते, जुने रबर फुगविते आणि लाखेचा लेप विरघळविते. फ्रेंच पॉलिश करणाऱ्या सुतारास हे पूर्वीपासून ठाऊक आहे. आमच्या पेट्रोलच्या कॉकमध्ये बुचाचे वायसर होते, ते महिनाभरात मऊ पडून गळू लागले. म्हणजे ज्या मक्यावर आम्ही नफा घेतला त्याचाच अर्क आमच्या टाकीतून थेंब थेंब जमिनीवर पडत होता. आता तेथे इथेनॉल सोसणाऱ्या कृत्रिम रबराचे वायसर बसविले आहे.

इतके भाग बदलल्यावर गाडी मूळची राहिली काय, असा प्रश्न आमच्या वकील मित्राने विचारला, आणि तो केवळ चेष्टेचा नव्हता. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, व्यापारी वापरात नसलेले आणि मूळ रूपात राखलेले वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पाटीवर ‘व्ही ए’ ही अक्षरे. सांगाडा, बाह्य शरीर आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे व दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आमच्या सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा आकडा तीर्थरूपांच्या नोंदणीपुस्तकाशी जुळतो. म्हणून बेअरिंग आणि वायसर बदलले तरी कायद्याच्या दृष्टीने गाडी तीच आहे. धारेत लाट मशिदीजवळ लोहस्तंभाचे तीन तुकडे आडवे ठेवलेले आहेत. सलग होता तेव्हा तो दिल्लीच्या स्तंभाहून कितीतरी लांब होता. तो जसाच्या तसा ठेवला हे योग्यच झाले. परंतु तो पाहण्याची वस्तू आहे, आणि मोटारसायकल चालण्याची. तिला तुकड्यांत ठेवून तिचा मान राहत नाही, असे आमचे मत आहे. रंगाच्या बाबतीत मात्र आम्ही हटून बसलो. रंगाऱ्याने नव्या जावाची छटा सुचविली. आम्ही टाकीच्या पोटाखाली जेथे ऊन लागले नव्हते तेथील मूळ तांबडा रंग खरवडून त्याच्या हातावर ठेविला.

गेल्या खंडेनवमीस गाडीची पूजा झाली आणि सातव्या किकेस ती सुरू झाली. एका नळकांड्याची दोन धुरांडी निळा धूर सोडू लागली. मातोश्री आता नव्वदीच्या उंबरठ्यावर असून त्यांना ऐकू कमी येते. त्या आतल्या खोलीत होत्या. त्यांनी सुनेला विचारले, “कोण आले?” सून म्हणाली, “कोणी नाही, गाडी सुरू केली आहे.” त्यावर त्या इतकेच म्हणाल्या, “पोळ्या टाकायला घे.”

गाडी अद्याप पूर्ण झालेली नाही. टाकीस दोन्ही बाजूंना गुडघे टेकण्याचे रबर असते; डावे आणि उजवे निराळे. डाव्या बाजूचे रबर चिरलेले आहे आणि चेक देशातून आले ते या टाकीच्या बाकास बसत नाही. कोणा सभासदाच्या माळ्यावर म्हैसूरच्या जावाचे डाव्या बाजूचे रबर असल्यास त्यांनी संघाच्या कार्यालयात निरोप द्यावा, आम्ही स्वतः येऊन नेऊ व योग्य मोल देऊ. आमच्याकडे उजव्या बाजूची दोन आहेत. कोणास हवे असल्यास त्यातले एक देण्यास तयार आहोत.